माझ्या वाट्याचं क्रियापद

‘ॲक्शन के साथ, बेटा,’ मॅडम म्हणाल्या आणि दारात उभ्या असलेल्या सफाईवाल्या बाईंच्या हातातला पोछा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

पोछा ओला होता. माझ्या बुटावर पाणी गळलं.

सहावीचा वर्ग. उत्तर दिल्लीतली मोठी खासगी शाळा. त्या दिवशी इंग्रजीचा तास बघायला पालकांना बोलावलं होतं, ते मागे खुर्च्यांवर बसले होते. प्रत्येकाने एकेक क्रियापद सगळ्या काळांत चालवून दाखवायचं, सोबत अभिनय करायचा. सोपी क्रियापदं, शेवटी ‘एड’ लागणारी. माझ्या आधीच्या मुलीला ‘पेंट’ होतं. तिच्या हातात ब्रश. तिच्या आधी एकाला ‘ट्रॅव्हल’. तो चाकांची बॅग ओढत आला होता.

मी पोछा मारत बोलले. आय मॉप. आय मॉप्ड. आय हॅव मॉप्ड. आय विल मॉप. एकही चूक नाही. मध्येच कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. लहान मूल धपकन बसलं की हसतात तसं. माझे कान गरम झाले. बाकी काही वाटलं नाही. हात चालत राहिले.

सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या बाबांनी वाजवल्या.

बाबा एका सरकारी दवाखान्यात सफाई कामगार. नांदेडकडून आलेले. इंग्रजीचा गंध नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, लग्नाकार्यातला शर्ट घालून आले होते. लेक पोपटासारखी बोलली, एवढंच त्यांना कळलं.

घरी आल्यावर म्हणाले, ‘बिल्कुल अडखळली नाहीस. पण पोछा उलटा मारलास बघ. पुढं जात नाही मारायचा, पाय उमटतात. मागं सरकत यायचं.’ उठून दाखवलंसुद्धा.

आई पोळ्या लाटत होती. तिचे हात थांबले. ‘एवढ्या पोरांत हिच्याच हातात पोतेरं का दिलं?’

पोतेरं हा शब्द मी विसरले होते. आम्ही दिल्लीत वाढलेली पोरं, पोछाच म्हणायचो.   आईचा प्रश्न मात्र डोक्यात रुतून बसला.

दुसऱ्या दिवशी वही काढली. सरावासाठी सगळ्यांची क्रियापदं मी त्यात उतरवून घेतली होती. वर्गात आम्ही चौघी ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे गरिबांसाठी राखलेल्या मोफत जागांवरच्या. मला मॉप. जिची आई बंगल्यांमध्ये धुणी-भांडी करायची तिला वॉश. इस्त्रीवाल्याच्या मुलीला आयर्न. चौकीदाराच्या मुलीला ओपन, तिने फाटक उघडून दाखवलं होतं. बाकीच्यांना पेंट, ट्रॅव्हल, डिझाइन, इन्व्हेंट. सोडत काढली नव्हती. मॅडमनी प्रत्येक बाकाशी येऊन ज्याचं त्याला सांगितलं होतं. माझ्याजवळ वाकून म्हणाल्या होत्या, ‘तेरे लिए तो आसान है, घर में देखती ही हो.’ तेव्हा मला ते प्रेमाचं वाटलं होतं. जातीचं नाव कोणी घेतलं नाही. त्या शाळेत घेत नसत. बापाचं काम विचारायचे आणि समजून जायचे.

पंधरा दिवसांनी तोच कार्यक्रम वार्षिक समारंभात होणार होता, शाळेच्या मालकांसमोर. तालमीत पोछा पुन्हा पुढे आला. मी हात मागे बांधले.

‘मॅम, मैं सारे टेन्स बोलूंगी. पोछा नहीं पकडूंगी.’

‘बाकी सब कर रहे हैं ना?’

‘नहीं पकडूंगी.’

बाबांना बोलावणं गेलं. मुख्याध्यापिकेच्या खोलीत खुर्ची होती, बाबा उभेच राहिले. ‘फ्री में पढ रही है, ऊपर से नखरे,’ मुख्याध्यापिका म्हणाल्या. बाबांनी हात जोडले. ‘बच्ची है, मॅडमजी. माफ कर दो.’ मग माझ्याकडे वळून हळूच, ‘सॉरी म्हण. नाव काढून टाकतील.’

मला भीती वाटत होती. ही शाळा गेली तर अशी दुसरी मिळणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. तरी तोंड उघडलं नाही. माझ्या वाटणीचं सॉरी बाबांनीच म्हटलं, दोनदा. नाव राहिलं. कार्यक्रमातून मला काढलं.

परतताना बसमध्ये बाबांनी विचारलं, ‘त्या दिवशी तू काय म्हणत होतीस, नेमकं?’

मी सांगितलं. मी फरशी पुसते. मी फरशी पुसली. मी फरशी पुसणार.

 

‘आणि मी टाळ्या वाजवल्या,’ बाबा म्हणाले.

त्यानंतर बाबा माझ्या शाळेत कधी आले नाहीत. बारावीला मी इंग्रजीत पहिली आले, बक्षीस होतं, तेव्हाही नाही.

आता मी फरीदाबादच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. मागच्या आठवड्यात त्याच मॅडमचा फोन आला. मोफत जागेवर शिकून पुढे गेलेल्यांनी वार्षिक समारंभात आभाराचे चार शब्द बोलायचे आहेत. ‘इंग्लिश में बोलना, अच्छा लगेगा,’ म्हणाल्या. मी फक्त ‘येते’ म्हटलं. 

जाणार आहे. बाबांना घेऊन जाणार, पहिल्या रांगेत बसवणार. इंग्रजीचा एक शब्द बोलणार नाही. पेंट कोणाला दिलं, मॉप कोणाला दिलं, आणि कोणी दिलं, ते हिंदीत सांगणार, बाबांना सगळं कळेल असं. या वेळी टाळ्या वाजवायच्या की नाही, ते बाबा ऐकून ठरवतील.