सलीमभाईंच्या अठरा फायली

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. या ग्रुपवर इतरांचे अनुभव वाचायचो आणि गप्प बसायचो. आता वय अठ्ठ्याहत्तर. भूतखेत, करणी यांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण जे झालं ते झालं...

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमुळे सकाळचा पेपर उघडायला नको वाटायचं, त्या वर्षांतली गोष्ट. मी अमरावतीत नुकताच रिटायर झालो होतो. अकोल्याच्या एका अंध वसतिगृहासाठी आम्ही काही जण पुस्तकं रेकॉर्ड करून सीडी बनवायचो. तिथले वानखडे सर स्वतः अंध. ते म्हणाले, "पोरं म्हणतात, बातम्या नको, गोष्टी द्या."

म्हणून संतांच्या अठरा गोष्टींचं पुस्तक घेतलं. वाचायला सलीमभाई — परतवाड्याला घड्याळदुरुस्तीचं दुकान, आवाज असा की ऐकतच राहावं. दर रविवारी एसटीने माझ्या घरी यायचे. आमची पद्धत अशी, की प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला वाचकाने आपलं नाव सांगायचं.

"काहून साहेब, दरखेपी नाव सांगाच लागते काय?"

"मुलांना तुमचा चेहरा दिसणार नाही. नावानेच ओळख."

ते हसले. "घड्याळाच्या झाकणात आतून खूण करतो मी. कोणी पायत नाही. इथं लोकं आयकतील तरी!"

मग अठराही वेळा ऐटीत म्हणाले — "वाचक, सलीम, परतवाडा."

ती अठराही नावं मी कापली. संतांच्या गोष्टी आणि वाचक सलीम... देणगीदार काय म्हणतील? खरं सांगतो, कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मीच घाबरलो. कापलेल्या फायली मूळ फायलींवरच सेव्ह केल्या, दुसरी कॉपी ठेवली नाही. कव्हरवर वाचक म्हणून माझं नाव छापलं. सगळ्या फायली घरी शेवटपर्यंत ऐकल्या. छान चालत होत्या.

अकोल्याला सीडी द्यायचा छोटा कार्यक्रम होता. सलीमभाई नवा सदरा घालून पहिल्या रांगेत. कॉम्प्युटरमध्ये सीडी टाकली... प्लेअरवर मेसेज — फाईल ओळखता येत नाही. दुसरा प्लेअर लावला, दुसरा कॉम्प्युटर आणला. आमच्या बाकीच्या सीड्या चालत होत्या. हीच नाही.

तोवर कव्हर सलीमभाईंच्या हातात गेलं होतं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं, बारीक काम बघायची सवय. मग माझ्यापुढे ठेवलं.

"कवर मस्त हाय, साहेब. नाव शोभते तुमाले."

चहा न घेता ते स्टँडकडे चालू लागले. वानखडे सर विचारत राहिले, "सलीमभाई कुठं गेले? आता तर इथं होते."

घरी आलो तर माझ्या कॉम्प्युटरवरही तोच मेसेज. फायलींची नावं बदलली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, फायली दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून पाहिल्या. दुकानदार म्हणाला, "काका, खराब झाल्या, डिलीट मारा." मारवेना.

दीड-दोन महिन्यांनी, जेवण झाल्यावर, सहज पहिल्या फायलीवर क्लिक केलं. उघडली.

"वाचक, सलीम, परतवाडा."

दुसरी उघडली, तिसरी... अठराही ठिकाणी नाव, त्याच ऐटीत. जे मी स्वतः कापलं होतं, ज्याची कॉपी जगात कुठे नव्हती. जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, असं होऊच शकत नाही.

त्याच फायलींच्या सीड्या नावांसकट पुन्हा करून, बिनकव्हरच्या, अकोल्याला पाठवल्या. चालल्या. मग परतवाड्याला दुकानात फोन लावला, "हॅलो" म्हणालो.

"बोला, साहेब."

आवाज ओळखला होता त्यांनी. मी म्हणालो... "माझं घड्याळ मागे पडतंय."

"आणा. पाहून देतो."

मी गेलो नाही. सलीमभाई जाऊन आता तीन वर्षं झाली. "बोला, साहेब" म्हणाले तेव्हा एवढंच बोलायचं होतं — सलीमभाई, तुमचं नाव मी कापलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. माफ करा.