दुसऱ्या भागाची धार

भाटघरच्या साळूबाईंना गेल्या कित्येक वर्षांत घराबाहेर एक रात्र काढता आली नव्हती. याला कारण नवरा नव्हता, म्हैस होती. चांदी तिचं नाव. कपाळावरचा रुपयाएवढा पांढरा ठिपका सोडला तर तिच्या अंगात आणि स्वभावात उजळ असं काही नव्हतं. साळूबाई बसल्या की ती पान्हवायची. दुसरं कुणी बसलं की दूध वर चढवायची आणि शेपटीचा फटका मारून चर्चा संपवायची. त्यामुळे लग्न असो की मयत, सकाळची धार काढून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परतायचं, एवढ्यात जे बसेल तेच साळूबाईंनी गाठलं. धाकटी बहीण रतनबाई वेल्ह्याला दिलेली; तिच्याकडे त्या पुष्कळदा जेवल्या, झोपल्या कधीच नाहीत.

मुलगी वैष्णवी पुण्यात व्हायोलिन वाजवते. भाटघर ते व्हायोलिन हा रस्ता दुधाच्या रतिबावरून गेला. भोरमधल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे ती शाळेत जाता जाता दूध घालायची. मास्तरांना व्हायोलिन येत होतं आणि ऐकायला कुणी सापडत नव्हतं. पोरगी किटली रिकामी होईपर्यंत तरी थांबायची. ती थांबली ते शिकूनच निघाली. घरी रियाजाला गोठाच मोकळा होता, कारण घरात वडिलांचा, चिमाजीअण्णांचा टीव्ही आणि त्यावर बातम्या. व्हायोलिन आणि बातम्या यांत जास्त बेसूर काय, हा वाद कुणालाच नको होता. गोठ्यात तेव्हा चांदी पारडी होती. तिनं तक्रार केली नाही.

यंदा वैष्णवीच्या ऑर्केस्ट्रानं जगभर गाजलेल्या, चार-चार भागांच्या काही सिम्फन्यांचं नवं रेकॉर्डिंग केलं. सत्तरेक माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. मुखपृष्ठावरच्या फोटोत वैष्णवीचं कोपर आलं आहे. घरात ते लगेच ओळखू आलं. रेकॉर्डिंग मोबाईलवर आलं, तेही लावून झालं. पण सुरुवात इतकी हळू होती की अण्णांनी कान लावून बघितलं आणि मोबाईल बिघडला म्हणून बंद केला. पोरीला कळवलं, "लई झ्याक."

मग त्याच सिम्फन्यांचा पुण्यात कार्यक्रम ठरला. संध्याकाळचा.

"आई, तू यायचंच," वैष्णवीनं फोनवर सांगितलं. "शिकायला लागल्यापासून तू मला एकदाही स्टेजवर बघितलेलं नाहीस."

"चांदीला घिऊन येऊ व्हय?" साळूबाई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ चुलीपुढे नुसत्याच बसल्या. चूल पेटलेली नव्हती. अण्णांनी ते पाहिलं आणि पुरुषासारखा निर्णय घेतला.

"आण तुझं लुगडं. म्या काढतो धार."

आपल्याकडे हा उपाय जुनाच आहे. म्हैस वासानं ओळखते, म्हणून पुरुष घरधनिणीचं अंगावरचं लुगडं गुंडाळून बसतो. अण्णा मिशांसकट पदर घेऊन बसले. तेवढ्यात पेंडीचं पोतं मागायला शेजारचा गेनबा आला.

"वयनी, घरधनी हायेत का घरात?"

"गेनबा, तोंड बंद ठिव."

"आवाज बसलाय वयनी तुमचा."

चांदीनं मान वळवून अण्णांकडे पाहिलं, वास घेतला, विचार केला, आणि एका लाथेत बादली ओट्याखाली पाठवली. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या संध्याकाळी साळूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पोरीला सांगते, न्हाई जमत."

त्यांनी गोठ्यातूनच, स्पीकरवर फोन लावला. अण्णा अजून लुगड्यात, बादलीपाशी. वैष्णवी रियाजाला बसली होती.

"मग इथूनच ऐक," ती म्हणाली. तिनं फोन बाजूला ठेवला आणि एक संथ तुकडा वाजवायला घेतला.

चांदीचे कान उभे राहिले. मग तिनं पाय फाकवले, आणि अण्णांच्या हाताखाली कास टरारली.

"अगं, सोडलं! सोडलं तिनं!" अण्णा ओरडले. "वाजीव, थांबू नको!"

"कोण मेलं?" वैष्णवीनं घाबरून विचारलं आणि थांबली. चांदीही थांबली.

आता अडचण एवढीच, की कार्यक्रमाच्या संध्याकाळी वैष्णवी स्टेजवर असणार. म्हणजे भिस्त रेकॉर्डिंगवर. अण्णांनी गेनबाचा भजनाचा स्पीकर आणला. सुरुवात हळू, म्हणून आवाज पुरा मोठा केला. थोड्या वेळानं सगळी पितळी वाद्यं एकदम सुटली आणि चांदीनं दाव्यासकट खुंटा हलवला. मात्र पुढे दुसरा भाग लागला, संथ, सगळी व्हायोलिनं, आणि ती पान्हवली. अण्णांनी एकदा लुगडं काढून नुसत्या संगीतावर करून बघितलं. नाही. चांदीला दोन्ही लागत होतं.

चार-सहा धारांत अण्णा तयार झाले. पारावर ते सांगू लागले, "पयल्या भागात म्हशीम्होरं आंबोण ठिवायचं. दुसऱ्यात धार. तिसऱ्यात आटपायचं. चौथ्यात जनावराजवळ थांबायचंच न्हाई." पाश्चात्य संगीताचा इतका उपयुक्त परिचय माझ्या तरी वाचनात नाही.

साळूबाई दुपारच्या एसटीनं गेल्या. सभागृहात मोबाईल बंद करायला लावले, तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. पडदा उघडल्यावर सत्तर काळ्या कपड्यांत त्यांनी कोपरावरूनच पोरगी शोधली. दुसरा भाग सुरू झाला. बाहेर दिवस मावळत असणार. वैष्णवीचा हात सावकाश खालीवर होत होता, आणि साळूबाईंची बोटं मांडीवर आपोआप चालू लागली, डावी, उजवी, डावी, उजवी. शेजारच्या बाईंनी पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

कार्यक्रम संपल्यावर वैष्णवी धावत आली. "कसं वाटलं?"

"लई ग्वाड," साळूबाईंनी डोळे पुसले. "एवढी माणसं राबली, आन् एकाच्याबी हाताखाली बादली न्हाई."

मग त्यांनी घरी फोन लावला. "दिलं का?"

"दिलं की! भरून दिलं," अण्णांचा आवाज फुलला होता. "जरा सांडलं. चौथा भाग लागला आन् बादली उचलायची ऱ्हायली. पर जमलं बघ आता मला. काय काळजी न्हाई."

"जमलं न्हवं? मग म्या उद्या येत न्हाई. हितनं वेल्ह्याला जाते, रतनकडं. चार दिस."

पलीकडून आधी गेनबाच्या हसण्याचा आवाज आला.

"अगं, पर लुगडं मळलंय हे."

"ट्रंकेत वरच हिरवं हाय," साळूबाई म्हणाल्या. "न धुताच ठिवलंय."