फिकट अक्षरं

शुक्रवार पेठेत एक बाई मोबाईल दुरुस्त करते. नाव मी विचारलं नाही. बायको वारल्यावर तिचा मोबाईल घेऊन मी तिच्याकडं गेलो. त्यातल्या गाण्याच्या ॲपमधलं मला काही वाचता येईना. काळ्यावर करडी अक्षरं, ती पण मुंगीएवढी.

बाईनं काच पदरानं पुसली आणि स्वतःचा चष्मा काढून ठेवला. म्हणाली, "बिनचष्म्याचं मला दिसलं तर तुमाला दिसंल की." मग तिनं अक्षरं मोठी केली, ठळक केली, मागचा रंग पांढरा केला. हात लांब करून वाचून बघितलं. चहा निवायच्या आत काम झालं.

मी म्हणालो, "आमची ही रोज म्हणायची, अहो, तेवढं भजन लावून द्या. मी म्हणायचो, आंधळी हायस का?"

बाई हसली नाही. "आजोबा, ॲप करणाऱ्यांचे डोळे तरणे असत्यात. आजींचा काय दोष? ती अक्षरं मलाबी दिसत नव्हती."

मी तिथंच स्टुलावर बसलो. शेवटच्या वर्षात हिनं भजन लावायला सांगणंच सोडलं होतं. तिचा गाण्याचा नाद सुटला, असं मी लोकांना सांगत होतो.