वाळूवर तयार झालेला संघ

हॅन्डबॉल आमच्या भागात कसा आला, असं कुणी विचारलं तर उत्तर देताना मी जरा अडखळतो. चेंडू मी आणला हे खरं आहे. पण संघ उभा केला तो माझ्या मोठ्या भावानं, दादानं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. दादानं शाळा सोडून शेती धरली, म्हणून मला जाता आलं. पुण्याला आमच्या कॉलेजातले व्यायामशिक्षक हा खेळ शिकवीत. मैदान फुटबॉलचंच आणि गडीही अकराच, पण चेंडू हातानं फेकायचा. तो हातात धरून तीन पावलांपलीकडे पळायचं नाही. पुढे जायचं तर जमिनीवर आपटत न्यायचा. ते सांगत, युरोपात देशादेशांचे संघ हा खेळ खेळतात. आपला देश आपल्या हाती आला की आपलाही संघ होईल, पण त्यासाठी आधी जिल्ह्याजिल्ह्यात खेळणारे हवेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी निघालो तेव्हा त्यांनी एक जुना चेंडू माझ्या हाती दिला.

तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाजवळच्या आमच्या गावी मी तो नेला. मायनं दारातच विचारलं, "कसाना शे हाऊ?"

"चामडाना," मी म्हणालो.

तिनं पाण्याची घागर बाजूला सरकवली. घरात नको म्हणाली. गोठ्यात ठेवतो म्हटलं तर तिथे गाय होती. शेवटी चेंडू बाहेर निंबाच्या फांदीला टांगला.

दादा वडिलांना, म्हणजे आबांना, म्हणाला, "मोट बी चामडानीच शे. तिनं पानी तं आपन पितस."

आबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "मोट हातमा धरीसन कोन जेवस रे?"

 चेंडूला हात लावला की आंघोळ केल्याशिवाय अन्नपाण्याला शिवायचं नाही, असं त्या दिवशी ठरलं. गावातल्या इतर घरांनीही तेच धरलं. मला वाटलं, खेळ इथेच संपला. दादानं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मला तापीच्या पात्रात नेलं. उन्हाळ्यात तिथे वाळूच वाळू असते. आंघोळीला तर सगळे नदीवर येतातच, मग आधी खेळायचं आणि नंतर डुबकी मारून घरी जायचं. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

दहा-बारा जण जमले. वाळूत चेंडू उसळत नाही. पडला की तिथेच रुतून बसतो. त्यामुळे आपटत पुढे जाणं आमच्या खेळात आलंच नाही. पायही रुतत. चेंडू हाती आला की तीन पावलांत तो दुसऱ्याला द्यायचा, एवढंच आमच्या गड्यांना ठाऊक होतं. हळूहळू चेंडू यायच्या आधीच पुढचा कुठे उभा आहे ते बघायची सवय सगळ्यांना लागली. दादाचा हात सगळ्यांत सरळ होता. प्रकाशाला आलेल्या एका म्हाताऱ्या यात्रेकरूनं आम्हाला बघून विचारलं, "हाई कोनता देवनं व्रत शे?" दादा म्हणाला, "देव आजून ठरेल नही, बाबा."

मी कॉलेजला परतलो तरी खेळ चालू राहिला. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नंदुरबारच्या एका शाळेच्या संघाशी आमचा सामना ठरला. दोन्ही संघांतून निवडून जिल्ह्याचा एक संघ करायचा आणि दिवाळीत तो पुण्याला खेळायला न्यायचा, असं त्या शाळेच्या मास्तरांनी कळवलं होतं.  बैलांना पाणी पाजताना दादानं मला विचारलं, "पुनानं मैदान कितलं मोठं शे?" तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं.

नंदुरबारचं मैदान मुरमाचं होतं. चेंडू टणाटण उसळायला लागला आणि आमचे गडी बावचळले. शाळेची मुलं चेंडू आपटत आमच्यामधून सहज निघून जात. दोन गोल झाल्यावर दादा ओरडला, "वाळूच शे समजा. खाले टाकूच नका." मग आमचा जुना खेळ सुरू झाला. हातातून हातात चेंडू जात राहिला आणि मध्यंतरापर्यंत आम्ही बरोबरी केली.

मध्यंतरात त्यांचा कप्तान गुळाच्या पाण्याचे पेले घेऊन आला. तो नवापूरकडच्या डोंगरातल्या ख्रिस्ती घरातला होता आणि शाळेच्या बोर्डिंगात राहून शिकत होता. त्यानं ताट पुढे केलं. आमच्यातल्या एकानंही हात उचलला नाही.

 तो शाळेतल्या मराठीत म्हणाला, "आमच्या हातचं चालत नाही का?"

मी चामड्याचं, नदीचं, आंघोळीचं सांगू लागलो. सांगताना माझं मलाच ते पटेना. काहींच्या मनात चामडंच होतं. काहींच्या मनात दुसरंही असेल. मी सगळ्यांच्या वतीनं काय बोलणार?

"चेंडू तर मीही धरला आहे," तो म्हणाला. "पुण्याला एका संघात कसे राहणार तुम्ही?"

मास्तर थोड्या अंतरावर होते. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली. जिल्ह्याचा संघ होणार की नाही हे त्या ताटापाशी अडलं होतं.

दादानं पेला उचलला आणि सगळा पिऊन टाकला. मग रिकामा पेला पुढे करत म्हणाला, "गूळ कमी शे रे भो."

"ही शाळा आहे, लग्न नाही," कप्तान म्हणाला. पण तो हसला.

दादामागून चौघे प्यायले. बाकीचे तहानलेलेच खेळले. सामना आम्ही एका गोलानं हरलो. संध्याकाळी मास्तरांनी निवड सांगितली, तीत दादा होता. मी नव्हतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं मी मनापासून लिहू शकतो.

गावी पोचल्यावर दादा नदीवर जाऊन आला. तरी घरात न शिरता तो ओट्यावरच थांबला. आबा दोर वळत बसले होते. मायनं जेवायला हाक मारली.

"माय, मी तठे पानी पिधं," तो म्हणाला. "चेंडूना हाते. आनि त्यासना हातनं."

माय आबांकडे बघू लागली. आबांचा दोर वळणारा हात थांबला नाही.

"पुनाले कितला दिन राहशी?" त्यांनी विचारलं.

"आठ-दहा दिन."

"रोज त्यासनाच पंगतमा जेवशी?"

"जेवसू."

"मंग एक दिननं काय सांगस," आबा म्हणाले.

मायनं ताट ओट्यावरच आणून ठेवलं. पहिली भाकर तिनं वरूनच ताटात सोडली. दादा जेवू लागला. दुसरी भाकर देताना ती त्याच्यासमोर खाली बसली आणि पुण्याला थंडी किती असते, असं मला विचारू लागली.