अनवाणी पास

पक्षाघाताला चार महिने झाले तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. फाटकातून बाहेर पडून दोन गल्ल्या पलीकडच्या वाचनालयात एकट्याने जायचं. एकट्याने म्हणजे बायकोने मागून शर्टाचं टोक धरलेलं नसताना. ती सोबत असली की भेटणारा प्रत्येक जण माझी चौकशी तिच्याकडे करायचा. "आता कसे आहेत?" मी समोर उभा, आणि संभाषण माझ्या डोक्यावरून.

परवानगी मिळणार होती ती वाशीच्या एका रुग्णालयातून. तिथली फिजिओथेरपिस्ट, जेमतेम पंचविशीची मुलगी, दर महिन्याला माझा डावा पाय तपासायची आणि त्याला गुण द्यायची. उताणं झोपून डावी टाच उजव्या नडगीवरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सरळ फिरवायची, भराभर, पाच वेळा. खुर्चीत बसून टाच न हलवता चवडा उचलायचा. मग तेच उभं राहून. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. बसून चवडा उचलला जायचा; उभं राहून गुडघा सरळ केला की घोटा संपावर जायचा. मग मी कमरेतून अख्खा पाय वर ओढायचो.

"काका, चीटिंग नाय करायची. कंबर उचलताय तुमी."

"कंबर माझीच आहे."

"पण मार्क घोट्याचे आहेत ना!"

बेलापूरच्या सरकारी कचेरीत मी अनेक वर्षं हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले. 'काम समाधानकारक' हे शब्द मी किती बेफिकिरीने वापरले, ते त्या खोलीत उताणं पडल्यावर कळलं. घरी बायकोने दहावीच्या परीक्षेसारखी माझी तयारी करून घेतली. स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत चालवायची आणि मागून बजावायची, "अहो, पाय फरपटवू नका, तिथे दिसेल."

शेवटच्या तपासणीला मोठे डॉक्टर आले. मागे चार शिकाऊ डॉक्टर, एकाच्या हातात त्यांची फाईल, दुसऱ्याच्या हातात त्यांचा मोबाईल. जमिनीवर दहा मीटरवर दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. मी एकीकडून दुसरीकडे चाललो. डॉक्टरांनी मान डोलावली, तेव्हा चौघांनीही डोलावली. मग मेंदूच्या अफाट सामर्थ्यावर एक छोटं भाषण झालं. ते माझ्या मेंदूला उद्देशून असावं, कारण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. भिंतीवर लावायला माझा फोटो काढला. कागदावर लिहिलं गेलं: घराबाहेर स्वतंत्रपणे चालू शकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. फाटकापासून पन्नासेक पावलं गेलो असेन, मागून भाजीवाली ओरडली.

"ओ काका, चप्पल मागं पडली हाय तुमची! एका पायान कुठं निंगाला?"

डावा पाय अनवाणी होता. किती पावलांपासून, ते पायाने मला कळवलंच नव्हतं. तिने चप्पल आणून पायात सरकवली. चार पावलांवर ती पुन्हा निसटली, या वेळी चवड्याखाली दुमडली, आणि मी शेजारच्या स्कूटरला मिठी मारली. बाल्कनीतून पाहणारी बायको गाऊनवरच खाली धावत आली. वाचनालय राहिलं.

रुग्णालयातल्या त्या खोलीच्या दारावर पाटी आहे: चप्पल बाहेर काढा. चार महिने सगळे ती निमूट पाळत होतो. घरीही कोण चप्पल घालतं? म्हणजे मला चप्पल घालून चालताना एकाही तपासनिसाने पाहिलेलं नव्हतं. अंगठ्याने चप्पल धरून ठेवणं हे काम आहे, हे मलाही चप्पल पडेपर्यंत माहीत नव्हतं.

मी मुद्दाम जाऊन हे सांगितलं. फिजिओथेरपिस्टने दारावरच्या पाटीकडे पाहिलं. "हे आमी कधी बघितलंच नाय, काका. घालून या आत." पण लादी पुसणाऱ्या मावशी दारात आडव्या आल्या. "चप्पल आत नाय चालनार. मॅडम, तुमीच बोल्ता ना?" शेवटी बाहेरच्या पॅसेजमध्ये परीक्षा झाली. तेवढ्याच दहा मीटरांत चप्पल दोनदा निघाली. तिने 'स्वतंत्रपणे' खोडून 'सोबतीने' लिहिलं आणि मागे पट्टा असलेले सँडल घ्यायला सांगितलं. खरं बोलल्याचं फळ मला इतक्या ताबडतोब पूर्वी कधी मिळालं नव्हतं. भिंतीवर फोटोत मी मात्र अजून स्वतंत्रपणे चालतो आहे.

आठवड्याने सँडल घालून पुन्हा पॅसेजमध्ये चाललो. सँडल पडले नाहीत. 'सोबतीने' खोडलं गेलं. पट्टा बायकोने लावला होता, त्याचे गुण कोणी कापले नाहीत.

परवा सकाळी दाराशी स्टुलावर बसून मी तो पट्टा एका हाताने लावत होतो. डाव्या हाताला तेवढी पकड नाही. वाकलं की पाय पुढे सरकतो, पाय धरला तर पट्टा सुटतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बायको खाली बसली.

"द्या इकडे पाय. लावून देते, मग जा एकटे."

"तू लावून दिल्यावर एकटा कसला?"

"अहो, शर्ट शिंप्याने शिवलाय. त्याला बरोबर घेऊन फिरता का?"

तिचं बरोबर होतं, त्यामुळे मला अधिकच राग आला. वाचनालय बाराला बंद होतं. पावणेबारा झाले होते. मी पाय पुढे केला नाही, आणि तीही उठली नाही.