टॅबवर बांधलेलं हॉटेल

अख्ख्या तलासरी तालुक्यात थापा मारण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. आणि सर्वेक्षणाचं काम मिळालं ते नेमकं मला! एका संस्थेनं पाड्यांवरच्या धंदेवाल्या बायांना मोबाईल वाटले होते. त्यानं त्यांची गरिबी किती हटली, ते घरोघरी विचारून टॅबवर भरायचं.

उधव्याची एक बाय अच्छाडला, गुजरातच्या हद्दीवरच्या नाक्यावर, ट्रकवाल्यांना तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी विकायची. गाड्या तुंबल्या की ड्रायव्हर तिला फोन करायचे. ती टोपली घेऊन थेट गाडीपाशी. फॉर्मच्या शेवटी ‘आपल्या शब्दांत लिहा’ असा चौकोन होता. असा मोकळा चौकोन मला दाखवायचा असतो का? मी टोपलीचं हॉटेल केलं, दोन नोकर ठेवले, काश्मीरपासूनचे ट्रक तिच्या दारात उभे केले. बटण दाबलं. गेलं.

पंधरा दिवसांनी संस्थेच्या ऑफिसातून फोन आला. “साहेब ते हॉटेल बघायला येतायत. आणि ज्यांची गरिबी हटली त्यांची यादी तहसीलला जाणारे.”

 यादीत नाव म्हणजे बायचं पिवळं रेशनकार्ड गेलं. आणि टॅबवरून एकदा गेलेलं मला पुसता येत नव्हतं.

धावतच उधवा गाठलं. बाय तवा घासत होती. सगळं सांगितलं तसा तिचा हात थांबला.

“दोन नोकर ठेवलंस ना? मग बोलव त्यांना, भांडी पडलीत.” मग एकदम हळू, “कार्ड जाईल काय रं?”

मी तिच्या हातातला तवा ओढून घेतला आणि घासायला लागलो.

साहेब बायच्या घरी आले. मी हात जोडले.  “साहेब, हॉटेल नाही. मी थाप मारली.”

साहेब हसले. “कार्डाच्या भीतीनं सगळे हेच सांगतात. हिनं पढवलं ना तुला?”

माझ्या कितीतरी थापा लोकांनी डोळे झाकून घेतल्या होत्या. एवढं एकच खरं बोललो, ते कोणी घेईना.

तेवढ्यात बायनं कोपऱ्यातला डबा ओढून झाकण काढलं. “हा रेशनचा तांदूळ, साहेब. ह्याचंच पीठ करून भाकर होते. कार्ड गेलं तर फोन वाजून काय करू? फोन थापू तव्यावर?”

बाय गुन्हाच कबूल करत होती. रेशनचा तांदूळ विकायला वापरते, हे साहेबाच्या तोंडावर! साहेबांनी मूठभर तांदूळ हातात घेतला, बोटांनी चाळला, परत डब्यात टाकला. 

“खोटं भरलं म्हणून लिहून दे. सही कर,” ते मला म्हणाले. तांदळाबद्दल अवाक्षर नाही. मी सही केली. नोकरी गेली.

पण यादीतून नाव खरंच निघालं की नाही, ते कोणी सांगेना. पुढच्या महिन्यात मी तिच्यामागे रेशनच्या रांगेत उभा राहिलो. तिनं यंत्रावर अंगठा टेकवला. यंत्र गप्प. दुकानदार म्हणाला, “पुसून लाव.” तिनं पदराला अंगठा पुसला. मी श्वास रोखला तो एवढा वेळ, की रांग शेजारच्या गावापर्यंत गेली असेल.

यंत्रातून चिठ्ठी सरकत बाहेर आली. दुकानदारानं तांदूळ काट्यावर ओतला.

बाय मागे न बघता म्हणाली, “ओ हॉटेलवाले, पिशवी धरा.”

मी धरली. तरी थोडा तांदूळ सांडलाच. तो तिनं दाणा न दाणा वेचून घेतला.