मिठाच्या गाडीला कमान

माजिवड्याचा भिवा लांबून चालत येताना दिसला तरी लोक ओळखत, हा गाडीवान. माणूस गाडीवरून उतरला तरी गाडी त्याच्या अंगातून उतरत नसे. कमरेत वाकलेला, पावलागणिक हिसका खाणारा, आणि चेहऱ्यावर भाव असा, की पुढचा खड्डा याला आत्ताच दिसलाय.

जन्म आगरी घरातला. बाप खाडीकाठच्या मिठागरात भर उन्हात फावडं ओढत राहिला. म्हातारपणी त्याच्या तळपायांना इतक्या भेगा होत्या की देवळाच्या पायऱ्या तो गुडघ्यांवर चढायचा. लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे! भिवाने ती भक्ती जवळून पाहिली होती. मीठ काढायचं नाही, वाहायचं, हे त्याने मिसरूड फुटण्याआधीच ठरवून टाकलं.

मग आगगाडी आली आणि त्याचं फावलं. आगरातल्या गोणी बैलगाडीत भरायच्या, ठाण्याच्या मालधक्क्यावर उतरवायच्या, रिकामी गाडी घेऊन परत. रस्ता सरकारने केला होता आणि केल्यावर सरकार तो विसरलं होतं.

मिठाच्या गाड्यांची एक जुनी रीत होती. गोणपाट सैल विणीचं; हिसक्या-हिसक्याला मीठ गळायचं. ते गाडीच्या तळाखाली टांगलेल्या झोळीत पडायचं, आणि झोळीत पडलेलं गाडीवानाचं. मिठागराचे शेठ त्यावर बोलत नसत. मात्र कुणी मुद्दाम गोणी फाडली, तर बाकीचे गाडीवानच त्याला धक्क्यावर उभं करत नसत. संध्याकाळी भिवा बैल सोडायचा आणि त्याची बायको ठमाबाई झोळी सोडायची. त्या मिठाच्या बदल्यात शेवंती कोळीण दारात सुके बोंबील टाकून जायची, पलीकडच्या वाडीवरून भाजी यायची, आणि कैऱ्यांच्या दिवसांत अर्धा गाव ठमाबाईशी गोड बोलायचा.

एका माघात भिवा मालधक्क्यावर गाडीतून उतरला तो वाकलेलाच राहिला. शेजारच्या गाडीवानाला वाटलं, याचं काहीतरी हरवलंय. तोही वाकून शोधू लागला.

"काय पडला रं भिवा?"

"पाठ," भिवा म्हणाला.

त्या दिवसापासून ठमाबाई रोज तेल गरम करून त्याची पाठ चोळू लागली. चोळता चोळता ती काही बोलायची नाही, आणि तिचं न बोलणं भिवाला तेलापेक्षा जास्त झोंबायचं. गाडी हातची गेली की पुन्हा मिठागरातलं फावडं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते तिच्या भावालाही, गोविंदाला, ठाऊक असावं. तो सहज म्हणून येऊ लागला आणि सहज म्हणून गोठ्यात जाऊ लागला.

"बैल इकायचे नायत," भिवा ओट्यावरून म्हणाला.

"मी कवा इचारला? दात बघतोय नुसते."

"दात तुझ्या तोंडात बी हायत."

तोडगा भिवाला दिसला तो ठाणे स्टेशनाबाहेर. एका साहेबाची बग्गी खड्ड्यातून गेली आणि साहेबाच्या तोंडातली चिरूट जागची हलली नाही. भिवाने वाकून पाहिलं. वाकायला त्याला वेगळे कष्ट नव्हतेच. चाकांची आस आणि गाडी यांच्यामध्ये लोखंडी पात्यांची कमान होती, पात्यावर पातं रचलेली. खड्डा कमान खात होती, साहेब चिरूट ओढत होता.

शहाडचा परशुराम लोहार मोडक्या बग्ग्या विकत घेतो, असं कळलं. भिवा आगगाडीने कल्याणला गेला आणि तिथून पाय ओढत शहाडला. परशुरामाने दोन जोड पुढे टाकले. एक नाजूक, निळा रंग अजून शाबूत. कुठल्याशा मडमेच्या बग्गीचा. दुसरा रुंद, गंजका, टपालगाडीचा.

भिवाने निळ्या कमानीवर बसून पाहिलं. ती गोधडीसारखी खाली गेली. त्याचे डोळे मिटले.

"हीच दे."

"उठ," परशुराम म्हणाला. "तू गाडीतून मीठ वाहतोस का स्वतःला?"

"मीठ."

"मग? गोणी चढल्या की ही मडम पालथी पडेल. टपालवाली घे."

भिवा टपालवालीवर बसला. ती हललीसुद्धा नाही. "हा तर धोंडा हाय."

"तुझ्या ढुंगणाला काय कळतंय? भार टाक तिच्यावर, मग बोल."

भिवाने कमरेचा चांदीचा करगोटा सोडून लोहाराच्या हातावर ठेवला. तसंही आता कमरेला काही बांधवत नव्हतं. जोड डोक्यावर घेऊन तो कल्याण स्टेशनापर्यंत आला तेव्हा त्याच्या मनात आलं, पाठ वाचवायला निघालो आणि मानही घालवून बसतोय.

महिपत सुतार देशावरचा, हात जड आणि तोंड त्याहून जड. त्याने कमानी बसवून दिल्या आणि एवढंच म्हणाला, "लोखंडाला मीठ खातंय बरं का. रोज तेल पाजत जा."

"घरात तेल पाठीला लागताय."

"मग पाठीचं हिला पाज. एकच हाय ते."

आणि खरंच, गाडी बदलली. पहिला खड्डा आला तेव्हा भिवाने नेहमीसारखे दात आवळले, खांदे उचलले, श्वास धरला, आणि दणका आलाच नाही. अंधारात नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसं त्याला झालं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो चक्क डुलकी काढू लागला; बैलांना वाट पाठ होती. महिन्याभराने तो अंगणात सरळ उभा राहिला, आणि आपला नवरा आपल्याहून उंच आहे हे ठमाबाईला बऱ्याच वर्षांनी आठवलं.

पण ती हसली नाही. ती झोळी सोडत होती. झोळीत मूठभर मीठ होतं.

आदल्या दिवशीही तेवढंच होतं, त्याच्या आदल्या दिवशीही. शेवंती कोळीण दोनदा दारावरून बोंबील परत घेऊन गेली. वाडीवरून भाजी येईना. शेवटी एका संध्याकाळी, भाकरी ताटात टाकता टाकता ठमाबाईने विचारलं, "शहाडला कोण ऱ्हाते?"

"परशुराम लोहार."

"त्याला बायको असल?"

"असल की."

"तिला मीठ लागत असल."

"मीठ सगल्यांनाच लागताय," भिवा म्हणाला आणि भाकरी मोडली. ठमाबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा दुसरा घास तोंडात गेला आणि तिथेच थांबला. "ठमे, तुझा डोका फिरलाय काय? शहाड कुठं, ठाणा कुठं!"

"कमान लावल्यापासून माणूस सरळ झाला. सरळ झालेला माणूस वाकडा जातो, असा माझी आय म्हणायची. उद्या मी येते गाडीवर."

दुसऱ्या दिवशी ती गोणींवर बसली, भिवाच्या पाठीकडे तोंड करून. तो कुठे थांबला नाही, कुणाशी बोलला नाही. भीतीने त्याने विडीसुद्धा ओढली नाही. गाडी डुलत डुलत मालधक्क्याला लागली. ठमाबाई उतरली आणि वाकून झोळीत हात घातला. चार खडे. तिने उभ्या गाडीला हाताने ढकललं. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. गोणींतून कण हलला नाही.

"ही खातेय मीठ," ती म्हणाली.

"म्हंजे लोहारीण सुटली?"

"लोहारीण हीच."

दोघं परतीच्या वाटेला लागली. रिकामी गाडीही पहिल्यापेक्षा मऊ चालत होती, आणि दोघांनाही ती मऊ लागत होती, हेच अवघड होतं.

"काढा म्हणू कशी?" ठमाबाई म्हणाली. "काढली तर तुमी आगरात. नाय काढली तर चुलीवर काय ठेवू?"

"गोणीला जरा बोट लावला तर?"

"फाडलेला मीठ माझ्या घरात येनार नाय."

भिवाने मान हलवली. तोही नुसतं म्हणाला होता. बराच वेळ तो बैलांच्या शेपट्यांकडे बघत बसला. थकलेल्या माणसाचा विचारही थकत थकत चालतो. माजिवड्याची झाडं दिसू लागली तेव्हा तो विचार पोचला.

"त्या लोहाराने मना इचारला, मीठ वाहतोस का स्वतःला."

"मग?"

"मिठाची पाठ कवा दुखते?"

महिपत सुताराने कपाळाला हात लावला, पण काम केलं. कमानी गाडीखालून काढल्या, आस पूर्वीसारखी तळाला घट्ट बांधली, आणि पुढे गाडीवानाच्या फळीखाली त्याच दोन कमानी बसवल्या. भिवा ऐटीत चढून बसला. काही हललं नाही. टपालाचं ओझं पेलणाऱ्या कमानीला भिवाचं वजन म्हणजे माशी.

"भाकरी वाढवा याची," महिपत म्हणाला आणि एकेक पातं काढू लागला. प्रत्येक पात्यानंतर भिवाला उतरवायचं, पुन्हा बसवायचं. दोन्ही कमानींत दोन-दोन पाती उरली तेव्हा कुठे फळी कुरकुरली आणि भिवा खालीवर झाला. काढलेल्या पात्यांतल्या एकाची ठमाबाईने विळी करून घेतली.

मालधक्क्यावर गाडीवानांनी त्याचं नाव 'झुला' ठेवलं. मागे गोणी दणके खायच्या, पुढे भिवा झुलायचा. पाठ काही साफ बरी झाली नाही; पाय टेकायचे ते गाडीच्या लाकडावरच, तिथून अर्धा दणका वर यायचाच. संध्याकाळी तेल लागायचं, थोडं कमरेला, थोडं कमानीला. पण तो उतरून उभा राहू शकत होता, आणि गोविंदाने बैलांचे दात बघायचं सोडलं.

एके दिवशी ठमाबाईने झोळी हातात तोलून पाहिली. "आज कमी हाय."

"आज सरकारने दोन खड्डे बुजवले," भिवा ओट्यावर आडवा होत म्हणाला.

"शेवंती उद्या येनार हाय."

दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या अलीकडे, उरलेल्या मोठ्या खड्ड्यापाशी बैल सवयीने बाजूला वळू लागले. भिवाने सुस्कारा टाकला, दात आवळले, कासरा ओढला आणि चाक खड्ड्यात घातलं.